ऐकणारे पुण्यात, जाहिरातदार म्हापशात

सप्टेंबर 2016मध्ये जिओ आले आणि गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या वाड्यावाड्यांत फोनवर तासभर काही ऐकत बसणे परवडू लागले. मराठी पॉडकास्टच्या कमाईचा माग मी तिथून काढतो. त्याआधी आवाजावर पोट भरायचे म्हणजे पणजी आकाशवाणीकडे बघायचे, आणि नैमित्तिक निवेदकाला तिथेही पाळीपुरतेच मानधन.

पुढची वर्षे उमेदीची होती. 2017च्या अखेरीस श्राव्य पुस्तकांचे स्टोरीटेल भारतात आले, ते मराठी घेऊनच. फेब्रुवारी 2019मध्ये स्पॉटिफाय आले आणि त्याच महिन्यात त्यांनी अँकर हे पॉडकास्ट बनवण्याचे ॲप विकत घेतले. फोनवर बोलायचे आणि फुकटात जगासमोर ठेवायचे, एवढे सोपे झाले. पेडण्यातल्या धारगळ गावात बसून कोणीही बोलू शकत होते. स्टोरीटेल वर्गणी घेत होते. पॉडकास्ट मात्र फुकटच ऐकायचा, ही सवय श्रोत्यांना पहिल्यापासून लागली.

उरली जाहिरात, आणि पेडण्याचे गाडे इथेच अडले. 2011च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे देशात 8.3 कोटी, गोव्यात जेमतेम दीड लाख. म्हणजे धारगळच्या पॉडकास्टला श्रोते मिळालेच, तर बरेचसे कोल्हापूर-पुण्याकडचे. म्हापशाच्या दुकानदाराने त्यांच्यासाठी पैसे का मोजावेत? त्याला पत्रादेवी ते पर्वरी या पट्ट्यातले गिऱ्हाईक हवे. पुण्याची कंपनी पैसे देईल, पण लाखांनी श्रोते दाखवा म्हणेल. दशावतारी मंडळीला हा पेच कधी पडला नाही: खेळ ज्या गावात, बिदागीही त्याच गावाची.

मग सगळे यूट्यूबकडे वळले. 2018पासून तिथे कमाईला 1000 सदस्य आणि वर्षात 4000 तासांचे प्रेक्षण ही अट आली. जाहिरातीतला 55 टक्के वाटा निर्मात्याचा. पैसा दिसला, पण कॅमेरा, दिवे, संकलक यांचा खर्चही आला. 2024मध्ये तर गुगल पॉडकास्ट्स बंदच झाले. नुसत्या आवाजाचे स्वस्त माध्यम एकट्या माणसाच्या हातून निसटत गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याच 2024च्या डिसेंबरात सनबर्न हा नृत्यसंगीताचा महोत्सव धारगळात झाला. ग्रामस्थांचा विरोध न्यायालयापर्यंत गेला, तरी तिकिटे विकली गेली. ध्वनीचा एवढा मोठा व्यवहार गावात झाला, पण त्यात गावचा आवाज नव्हता.

मला वाट दिसते ती बिदागीचीच. एखादे देवस्थान, वाचनालय, किंवा धारगळातच 2022 साली सुरू झालेली आयुर्वेद संस्था यांनी एखाद्या पॉडकास्ट करणाऱ्याचे वर्षाचे मानधन ठरवून त्याच्याकडून तालुक्यातल्या जाणत्यांना झाडपाला, जत्रा, शेती यांविषयी बोलते करून घ्यावे. मग ऐकणारे पाचशे असले तरी करणाऱ्याचा महिना भागेल.