मुळशीचं पाणी जातं कुठे?

ताम्हिणीतून कोलाडला राफ्टिंगला निघालात की गाडीत एक प्रश्न टाका : मुळशी धरणाचं पाणी जातं कुठे? ‘पुण्याला!’ बहुतेक जण ठोकून देतील. चूक! मुळा खरं तर पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे निघालेली नदी. पण टाटांच्या या धरणात अडवलेलं तिचं पाणी पश्चिमेला वळतं, घाटाखाली भिऱ्याला वीज तयार करतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. भर मे महिन्यात तुमची राफ्ट उसळते ती याच पाण्यावर!

समजूत अशी उलटली की भारी वाटतं. पण तिथेच थांबू नका, ‘का?’ विचारा. मग १९२१चा मुळशी सत्याग्रह भेटतो, सेनापती बापट भेटतात आणि धरणाने गिळलेली मावळ्यांची गावंही.