थंड हवेतला धूर

लोणावळ्याची ख्याती थंड हवेसाठी असली आणि वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस तिथले आकाश धुऊन काढत असला, तरी मावळात ज्या घरांत अजून चूल पेटते तिथल्या तान्ह्या मुलासाठी आषाढ-श्रावणातली हवा स्वच्छ नसते; कारण झडीमुळे दारे लावलेली असतात आणि ओले सरपण नीट न जळता धुमसत राहते. द्रुतगती मार्गावरच्या वाहनांचा धूर डोळ्यांत भरतो. माजघरातल्या धुराला मात्र कोणी प्रदूषण म्हणत नाही.

या धुरातील 2.5 मायक्रोमीटरहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे, नाकात न अडकता थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. हवेत दिवसभराच्या सरासरीने दर घनमीटरला असे 15 मायक्रोग्रॅम कण असावेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, तर 60 ही भारताची; पेटत्या चुलीपाशी हा आकडा सहज शेकड्यांत जातो. त्यातच वजनाच्या मानाने तान्हे मूल मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट हवा आत घेते, आणि त्याची श्वासनलिका जेमतेम 4 मिलिमीटर रुंद असल्याने आतून सर्व बाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली, तरी वाट निम्मी होऊन हवेला होणारा अडथळा सोळापट वाढतो. श्वासमार्गातली जंतू बाहेर लोटणारी सूक्ष्म लव आणि जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी यांनाही धूर दुबळे करतो, त्यामुळे न्यूमोनियाला आयतेच दार उघडे मिळते.

बाळंतिणीच्या खोलीतली धुरी हा याच गोष्टीचा नाजूक भाग आहे. आंघोळीनंतर निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणीच्या साली टाकून बाळाला शेकवण्यामागे उबेचा विचार असतो आणि तो रास्तच आहे, कारण कमी वजनाच्या नवजाताला गारठा खरोखरच जिवावर बेतू शकतो. परंतु ऊब छातीशी धरूनही देता येते, त्यासाठी धूर लागत नाही.

चूल गेली की प्रश्न मिटला, असेही नाही. भारतासह (इथे तमिळनाडूत) चार देशांत गर्भवतींच्या घरी गॅस पुरवून झालेल्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूर बराच घटला, पण अर्भकांमधील गंभीर न्यूमोनिया लक्षणीय प्रमाणात कमी झाला नाही. कुपोषण, जन्मतःचे कमी वजन आणि गर्दीतून होणारा संसर्ग हेही त्या आजाराचे वाटेकरी आहेत. म्हणूनच धूर कमी करण्याइतकेच आजार वेळेत ओळखणे मोलाचे ठरते, आणि त्याचा भक्कम पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक द्यायला शिकवले, तेव्हा न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी राहिले. हे निष्कर्ष 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

या ओळखण्याला यंत्र लागत नाही. ‘पोट उडतंय’ असे घरचे म्हणतात तेव्हा बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो का, हे पाहायचे असते, आणि श्वास मोजायचे असतात: दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला 60, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा अधिक श्वास भरले, तर दवाखाना लगेच गाठावा लागतो. मोजणी बाळ शांत असताना, दुपटे बाजूला सारून, पूर्ण मिनिटभर करायची; अर्धे मिनिट मोजून दुप्पट केलेले चालत नाही, कारण तान्ह्याचा श्वास मुळातच एका लयीत चालत नाही.