सूर्य फुटणार नाही, तापत जाणार

वांगणीच्या माळावर दुर्बीण लावली होती. थंडीची रात्र, मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं. काक्षीकडे बोट दाखवून मी म्हटलं, "हा तांबूस तारा आता म्हातारा झालाय. कधीतरी स्फोट होऊन संपणार." नातवाला घेऊन आलेले एक आजोबा मफलर सावरत म्हणाले, "म्हणजे आपल्या सूर्याचंही असंच होणार. मग माणसांनी जायचं कुठं?"

हा प्रश्न दर आकाशदर्शनाला भेटतो, आणि त्याच्या पोटात तेच ते गैरसमज असतात.

पहिला स्फोटाचा. असा फुटायला तारा सूर्याच्या निदान आठपट वजनाचा असावा लागतो. काक्षी तेवढा आहे, सूर्य नाही. ताऱ्याचा मागे उरलेला गाभा सूर्याच्या 1.4 पटीपेक्षा हलका असेल, तर तो श्वेतबटू होऊन सावकाश निवत जातो. या मर्यादेचा हिशेब सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी मांडायला घेतला तो 1930 साली, मुंबईहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवर. वय वर्षं एकोणीस! सूर्याचा गाभा उरेल तो त्याच्या आजच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास, आकाराने पृथ्वीएवढा. म्हणजे कृष्णविवराची भीतीही बाद. तसंही सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर आणून ठेवलं, तरी पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील, फक्त काळोखात.

दुसरा समज असा, की सूर्य एक दिवस दिव्यासारखा विझेल आणि आठ मिनिटांनी आपल्याकडे अंधार पडेल. सूर्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं. आकडा छाती दडपवणारा खरा, पण गाभ्याचा एक घनमीटर तुकडा वेगळा काढला तर त्यात दर सेकंदाला तयार होणारी उष्णता जेमतेम पावणेतीनशे वॉटची. परसातल्या खताच्या ढिगात हात घातला की जी ऊब लागते, साधारण त्या तोडीची. सूर्य अवाढव्य आहे म्हणून प्रखर आहे. शिवाय ही ऊर्जा पृष्ठभागापर्यंत झिरपत यायला हजारो वर्षं लागतात. गाभ्यातली भट्टी आज बंद पडली, तरी उद्या ऊन पडेल, परवाही पडेल, आणि पुढची लाखो वर्षं पडत राहील. आठ मिनिटांत बातमी आणतील ते फक्त गाभ्यातून थेट निसटणारे न्यूट्रिनो नावाचे कण, आणि ते आपल्या अंगातून आरपार गेलेले आपल्याला कळतही नाहीत.

हेलियम ही या भट्टीची राख. (विजयदुर्गावरच्या 'साहेबाच्या कट्ट्यां'वरून नॉर्मन लॉकियर यांनी 1868 साली हेलियम शोधला, असं कोकणात हमखास ऐकायला मिळतं. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होते आणि सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा त्यांनी तिथूनच पाहिली. विजयदुर्गाला ते आले 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी.) चुलीत राख साचली की आच मंदावते. इथे उलटं होतं. राख साचेल तसा गाभा आक्रसतो, आणखी तापतो, आणि उरलेला हायड्रोजन जास्त वेगाने खपतो. 460 कोटी वर्षांपूर्वी सूर्याचं तेज आजच्या सत्तर टक्केच होतं. आता ते दर 11 कोटी वर्षांना साधारण एक टक्क्याने वाढतंय.

आणि म्हणूनच सगळ्यात मोठा गैरसमज हा, की आपल्या हातात अजून 500 कोटी वर्षं आहेत. तेवढी सूर्याच्या हातात आहेत. पृथ्वीचं काम त्याच्या कितीतरी आधी बिघडतं. ऊन वाढलं की खडकांची झीज वाढते, आणि ही झीज हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. तो फार कमी झाला की वनस्पतींची उपासमार सुरू होते. आधी भात आणि गहू जातील. ज्वारी, बाजरी, मका, ऊस थोड्या कार्बनवर भागवणारे, ते मागे रेंगाळतील. नेमकं कधी, याचे अंदाज 60 कोटी वर्षांपासून पुढे पसरलेले आहेत. साधारण 100 कोटी वर्षांनी समुद्रांची वाफ होऊ लागेल. त्यानंतर सूर्य फुगून बुध आणि शुक्र गिळणार. पृथ्वीही त्यात जाईल, असं श्रोडर आणि स्मिथ या खगोलशास्त्रज्ञांचं 2008 सालचं गणित सांगतं. काहींना ती निसटेल असं वाटतं. वाद रंजक आहे, पण तो एका भाजलेल्या दगडाविषयीचा आहे.

मग जायचं कुठं? मंगळ म्हणजे शेजारच्या खोलीत जाणं. घर पेटलंय तेच. सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा, 4.24 प्रकाशवर्षांवर. 1977 साली निघालेल्या व्हॉयेजर-1 यानाच्या वेगाने तिथे पोचायला सुमारे 75 हजार वर्षं लागतील. पृथ्वीच हलवायची, असाही एक हिशेब 2001 साली मांडला गेला. एखादा मोठा लघुग्रह दर काही हजार वर्षांनी पृथ्वीजवळून नेमका न्यायचा, आणि दर वेळी तिला सूर्यापासून जरा दूर सरकवायचं. गणितात चूक नाही, पण एकदा नेम चुकला तर सूर्याची वाटच बघावी लागणार नाही.

माझं मत विचाराल, तर सूर्याच्या मरणाला सामोरा जायला माणूस, म्हणजे तुमच्याआमच्यासारखा, उरलेलाच नसेल. आपल्या जातीचं वय सुमारे 3 लाख वर्षं. 100 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर एकही प्राणी नव्हता.

राहता राहिला तो गैरसमज, जो आज नडतो. सूर्य तापत जातो हे ऐकलं की कुणीतरी लगेच म्हणतं, "म्हणजे हे वाढतं ऊन सूर्यामुळेच, माणसाचा दोष नाही." उपग्रह 1978 पासून सूर्याचं तेज मोजत आहेत. अकरा वर्षांच्या चक्रात ते सुमारे 0.1 टक्का वरखाली होतं. एकूण चढ दिसत नाही. याउलट हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाखांत 280 भाग होता, तो आता 420 च्या वर आहे. पुढच्या एप्रिलमध्ये तुमच्या ग्रुपवर असा मेसेज आला, तर पाठवणाऱ्याला एवढाच हिशेब करायला सांगा: 11 कोटी वर्षांना एक टक्का, तर शंभर वर्षांना किती? एका टक्क्याचा अकरा लाखावा भाग.