आइस्क्रीम तळताना वितळत का नाही?

उन्हाळ्यात रात्री दहानंतर वडोदऱ्याच्या कारेलीबागेत अमितनगर सर्कलच्या बाजूला चक्कर मारली तर अर्धी सोसायटी आइस्क्रीम खायला खाली उतरलेली दिसते. तेच आइस्क्रीम घरी तळायचं म्हटलं की शेजारच्या गुजराती बेन असोत किंवा रावपुऱ्यातून इकडे राहायला आलेल्या आमच्या मावशी, सगळ्यांचं उत्तर एकच: "ते हॉटेलवाल्यांचं काम. घरी कढईत त्याची रबडी होईल." रबडी होत नाही. मात्र ती का होत नाही हे कळलं नसेल, तर ती होण्याचीच शक्यता जास्त.

हॉटेलवाले आइस्क्रीममध्ये न वितळण्याची काहीतरी पावडर घालतात, हा सगळ्यात पक्का रुजलेला समज. अशा पावडरीची गरजच नसते. उष्णतेला आत शिरायला वेळ लागतो, एवढ्यावरच हा पदार्थ उभा आहे. गोळा तळायला लागतात त्या पंधरा सेकंदांत ब्रेडच्या चुऱ्यासारख्या सच्छिद्र आवरणातून उष्णता ढोबळ हिशेबाने दोनेक मिलिमीटर आत सरकते. आवरण चार-पाच मिलिमीटर जाड असेल तर ती आइस्क्रीमपर्यंत पोचण्याआधीच गोळा बाहेर आलेला असतो. इथे आणखी एक गोष्ट आपल्या बाजूने काम करते. दुप्पट खोल जायला उष्णतेला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. म्हणून आवरण थोडंसं जाड केलं तरी फरक मोठा पडतो. शिवाय आवरणात जो ओलावा असतो त्याची तेलात वाफ होते आणि ती वाफ बरीचशी उष्णता घेऊन निघून जाते. ओलावा टिकून आहे तोवर तेल १८० अंशांना असलं तरी आवरणाचा आतला थर शंभराच्या वर चढत नाही. गोळा तेलात पडल्यावर चुरचुर आवाज करत जे बुडबुडे उठतात, ती हीच वाफ. आवाज मंदावायला लागला की गोळा काढायची वेळ झाली.

दुसरा समज तेलाचा: तेल कोमट ठेवलं तर आइस्क्रीम वाचेल. घडतं नेमकं उलट. तेल कमी तापलेलं असेल तर आवरणाला रंग यायला मिनिटभर लागतं आणि तेवढ्यात उष्णता आत पोचते. वर आवरण तेलही पितं. तेल १८० ते १९० अंशांच्या दरम्यान हवं. थर्मामीटर नसेल तर ब्रेडचा लहान तुकडा टाकून पाहा. तो अर्ध्या-पाऊण मिनिटात सोनेरी झाला तर तेल तयार आहे. आपल्याकडे सिंगतेल घरोघरी असतं, पण फिल्टर केलेलं, रिफाइन न केलेलं शेंगदाणा तेल साधारण १६० अंशांनाच धुरायला लागतं. या कामाला रिफाइंड तेल घ्या. गोळे एकेक करूनच सोडा. चार गोळे एकदम पडले की तेलाचं तापमान झपकन उतरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

घरी पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा कढईत नाही, आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये. "आमच्या फ्रीजरमध्ये बर्फ दगडासारखा होतो, म्हणजे थंडी पुरेशी आहे," हे खरं नाही. पाणी शून्याला गोठतं; आइस्क्रीममध्ये साखर असल्यामुळे ते हळूहळू गोठत जातं. उणे १८ अंशांना त्यातल्या पाण्याचा साधारण तीन चतुर्थांश भाग बर्फ झालेला असतो, तर उणे ५ अंशांना जवळपास निम्माच. बर्फाचा ट्रे दोन्ही ठिकाणी सारखाच टणक दिसेल, आइस्क्रीमचा गोळा मात्र दुसऱ्या ठिकाणी बोट रुतेल इतका मऊ असेल. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा बेचाळिसापर्यंत जातो, मुलं थंड पाण्यासाठी दिवसभर फ्रीज उघडत असतात आणि एकदारी फ्रीजचा वरचा खण अशा वेळी उणे १८ ला टिकत नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर फार महाग नसतो. हा पदार्थ करायचा असेल तर तो आधी आणा.

कृती तशी सोपी, फक्त सावकाश करायची. टेबल टेनिसच्या चेंडूपेक्षा थोडा मोठा गोळा काढून तो रात्रभर गोठवायचा. सकाळी मैद्याच्या किंवा कॉर्नफ्लोअरच्या दाटसर पेस्टमध्ये बुडवून ब्रेडच्या किंवा कॉर्नफ्लेक्सच्या चुऱ्यात घोळवायचा, दोनतीन तास गोठवायचा, पुन्हा तेच करायचं आणि पुन्हा रात्रभर ठेवायचा. एकच जाड थर दिला तर तो तेलात तडकतो. दोन थर दिले की पहिल्यातली फट दुसऱ्यात बुजते. तळायच्या वेळी गोळा फ्रीजरमधून थेट कढईत गेला पाहिजे. ओट्यावर पाच मिनिटं ठेवला तर हवेतली वाफ त्याच्यावर दवासारखी जमते आणि तेच पाणी तेलात उडतं.

अंड्याशिवाय आवरण चिकटत नाही, असंही ऐकू येतं. गुजरातेतल्या असंख्य शाकाहारी घरांना यामुळे उगाच माघार घ्यावी लागते. पेस्ट पुरते. मी तर म्हणेन, अंडं वापरूच नये. पंधरा सेकंदांत आवरणाचा आतला, गोठलेल्या आइस्क्रीमला टेकलेला थर शिजत नाही. म्हणजे तिथलं अंडं कच्चंच राहतं.

आइस्क्रीम कोणतं घ्यावं? आपण दुधासाठी प्रसिद्ध असलेल्या आणंदपासून चाळीसेक किलोमीटरवर राहतो, दुकानात निवड भरपूर आहे, पण डब्यावरची अक्षरं वाचायची सवय हवी. एफएसएसएआयच्या नियमांनुसार नुसतं 'आइस्क्रीम' म्हणून विकायचं तर दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के लागतो. वनस्पती तेल असेल तर 'फ्रोझन डेझर्ट' लिहावं लागतं. फ्रोझन डेझर्ट तळता येत नाही, असं मात्र नाही. तळण्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते वजन. एका लिटरचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं असा नियम आहे, म्हणजे निम्मा डबा हवा असू शकते. हवा भरपूर असलेलं आइस्क्रीम उष्णता अडवतं म्हणून तेच चांगलं, असं सांगणारे आहेत. मला ते पटत नाही. उष्णता अडवायचं काम आवरण करतंच. आत जितका जास्त बर्फ, तितका गोळा जास्त वेळ टिकतो. एकाच मापाचे दोन डबे हातात घ्या आणि जड असेल तो उचला. बर्फ-मिठाच्या कोठीत हाताने फिरवलेलं घट्ट आइस्क्रीम मिळालं तर उत्तमच.

गाड्यांवर 'फ्राय आइस्क्रीम' म्हणून जे उलथन्याने खरवडून गुंडाळी करून देतात, ते वेगळं. त्यात तेल नसतं. ते ज्या थाळीवर करतात ती उलट गोठणबिंदूच्या खूप खाली नेलेली असते. तळलेलं आइस्क्रीम आपल्या हॉटेलांत चायनीजच्या पानावर छापलं जातं, पण ते चीनमधून आलं याला ठोस पुरावा नाही. गरम आवरणात गार आइस्क्रीम देण्याची युक्ती जुनी आहे. न्यूयॉर्कच्या डेल्मॉनिकोजचे शेफ चार्ल्स रानहोफर यांच्या १८९४ च्या ग्रंथात भट्टीत भाजलेल्या आइस्क्रीमची कृती आहे.

एक धोका मात्र खरा आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा व्यापते. गोळ्यावर हिम साचलेलं असेल किंवा आवरणाला चीर असेल, तर तेल उसळून हातावर, तोंडावर येऊ शकतं. हिम कोरड्या ब्रशने झटका, चीर दिसली तर तो गोळा तळूच नका. कढई खोल घ्या, अर्ध्याच्या वर तेल भरू नका, गोळा हाताने टाकण्याऐवजी झाऱ्यावर ठेवून सोडा. झाकण हाताशी असू द्या. तेल पेटलंच तर गॅस बंद करून कढई झाका, पाणी अजिबात ओतू नका. आणि मुलांना हा पदार्थ कितीही बघावासा वाटला, तरी तळणं संपेपर्यंत त्यांना स्वयंपाकघराच्या बाहेरच थांबवा.