हाक मारली की 'ओ' कोण देतो?

डीएलएल आपण सगळेच रोज वापरतो. पण बहुतेकांची तिच्याशी ओळख होते ती 'डीएलएल नॉट फाउंड' असा एरर आल्यावरच! डीएलएल म्हणजे डायनॅमिक लिंक लायब्ररी. प्रिंटिंगचा किंवा चित्र उघडण्याचा कोड प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतःच्या पोटात बाळगायचा नाही. तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा आणि लागेल तेव्हा, प्रोग्रॅम चालू असतानाच, मेमरीत आणायचा. विंडोजमध्ये हे काम लोडलायब्ररी हे फंक्शन करतं, तर लिनक्समध्ये डीएलओपन. जागा वाचते, शिवाय लायब्ररीतला एक दोष काढला की ती वापरणारे सगळेच प्रोग्रॅम सुधारतात.

मग घोटाळा कुठे होतो? प्रोग्रॅमर बरेचदा लायब्ररीचं नुसतं नाव देतो, पूर्ण पत्ता देत नाही. म्हणजे हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये उभं राहून "अरे पाटील!" अशी हाक मारायची. पहिला जो 'ओ' देईल तो पाटील! विंडोज साधारण असं शोधतं : आधी प्रोग्रॅमचा फोल्डर, मग सिस्टिम फोल्डर, विंडोज फोल्डर, नंतर करंट डिरेक्टरी आणि शेवटी पाथमधले फोल्डर. पूर्वी करंट डिरेक्टरीचा नंबर दुसरा होता, एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून तो खाली गेला. पण वर कुठेच फाइल सापडली नाही, तर तिची पाळी येतेच.

याच फटीवर ऑगस्ट २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला इशारा काढावा लागला. शेअर्ड फोल्डरमध्ये एक साधं डॉक्युमेंट आणि शेजारी नेमक्या नावाची बनावट डीएलएल. तुम्ही डबल-क्लिक करता फक्त डॉक्युमेंटवर, पण प्रोग्रॅम ती डीएलएलही उचलतो. आणि आत आलेल्या कोडला त्या प्रोग्रॅमचे सगळे अधिकार मिळतात.

आता तुम्ही म्हणाल, पूर्ण पत्ता दिला की झालं! तेवढ्याने भागत नाही, कारण खरा पाटीलच फितूर असू शकतो. मार्च २०२४ मध्ये लिनक्सवरच्या एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. काही लिनक्समध्ये एसएसएच सर्व्हर ही लायब्ररी अप्रत्यक्षपणे लोड करत असे. लॉगिनला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला खटकलं, म्हणून तो उघडकीला आला!

थोडक्यात काय, तर प्रोजेक्टमध्ये लायब्ररीचा पूर्ण पत्ता द्या, शक्य असेल तिथे डिजिटल सही तपासा आणि लिनक्सच्या लायब्ररी पाथमध्ये नुसता टिंब ठेवू नका. पेनड्राइव्हवरची किंवा लॅनवरची फाइल आधी एकटीच आपल्या फोल्डरमध्ये कॉपी करा, मग उघडा. आणि 'डीएलएल नॉट फाउंड' आलं, तर कुठल्यातरी साइटवरून ती डीएलएल उतरवू नका. मूळ सॉफ्टवेअरच पुन्हा इन्स्टॉल करा. अनोळखी पाहुण्याला कोणी रूमची किल्ली देतं का?