प्लगचे वाचन आणि काळे तेल

आपल्या महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडवर हल्ली सायकली शोधाव्या लागतात, सगळ्या मोटरसायकली. पण तेल बदलायचे म्हटले की बहुतेक मालक गॅरेज गाठतात. वास्तविक हे काम कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे. क्रम तेवढा सांभाळावा.

प्लग आधी, तेल नंतर. प्लग गार इंजिनातूनच काढावा. सिलिंडरचे हेड ॲल्युमिनियमचे. ते तापलेले असताना पाना लावला तर आटे जाण्याची भीती. भोवतालची धूळ आधी झटकावी, नाहीतर ती सरळ आत पडते.

निघालेला प्लग लगेच फेकू नये, वाचावा. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठणठणीत. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पुष्कळदा एअर फिल्टर तुंबलेला असतो. ओला, तेलकट काळेपणा दिसला तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजून तेल आत जळते आहे. पांढरेफटक टोक म्हणजे इंजिन फाजील तापते आहे. जुन्या पोथीचे पान लावण्यात जी गोडी, तीच मला यात वाटते. (मराठीच्या सरांनी क्षमा करावी!) नवा प्लग त्याच क्रमांकाचा घ्यावा व आधी हातानेच फिरवत न्यावा. अडला तर तो तिरका बसतो आहे. पान्याचा जोर करू नये.

मग इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, तेही उघड्यावर. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कोमट तेल पातळ होऊन मळासकट उतरते. मात्र लांब फेरी मारून आल्याबरोबर बोल्ट उघडला तर हात भाजेल. गाडी मधल्या स्टँडवर, खाली जुने घमेले. बोल्ट वायसरसह परत बसवूनच नवे तेल पुस्तिकेतल्या मापाने ओतावे. मोटारीचे तेल नको. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच याच तेलात बुडालेला असतो, तो घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ खूण पाहावी.

उरते काळे तेल. कुणी ते गटारात ओततो, कुणी वाळवीसाठी लाकडाला फासतो, आणि याचा मला मनस्वी राग येतो. त्यात झिजलेल्या धातूंचा अंश असतो, त्वचेला ते अपायकारक, आणि जमिनीत मुरले की विहिरीपर्यंत पोचू शकते. २०१६ च्या नियमांनी ते घातक कचऱ्यात धरले आहे. हातमोजे घालून ते झाकणाच्या डब्यात भरावे आणि अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी तेल पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावे. ‘कुठे पाठवता?’ हे तिथे खुशाल विचारावे.