स्क्रोलबारची जागा कोण ठरवतं?

प्रोग्रॅम एका ऑपरेटिंग सिस्टिमवरून दुसरीवर नेताना आपण फाइली, फॉन्ट यांची काळजी करतो. स्क्रोलबारकडे कुणी बघत नाही. आज त्याच्याविषयी बोलू.

येवल्यात बोलतोय, तर उदाहरण पैठणीचंच घेऊ. नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढतात, हे इथं कुणाला सांगायला नको. समजा, हेच काम करणारा प्रोग्रॅम विंडोजसाठी लिहिलाय. खिडकीची आतली रुंदी ८०० पिक्सेल, चौकट १० पिक्सेलची. आडव्या ८० चौकटी नेमक्या बसतात. नक्षी उंचीला वाढली की उजवीकडे उभा स्क्रोलबार येतो आणि नेहमीच्या मापात १७ पिक्सेल खातो. उरले ७८३. आता ८० चौकटी मावत नाहीत, म्हणून खाली आडवा स्क्रोलबारही येतो, आणि तो उंची खातो! यावर लिहिणारा काय करतो, तर रुंदीत १७ मिळवून मोकळा होतो.

हाच प्रोग्रॅम मॅकवर नेला की उजवीकडे १७ पिक्सेलची रिकामी फट दिसते. कारण २०११ च्या लायन आवृत्तीपासून ट्रॅकपॅडवर काम करताना मॅकचा स्क्रोलबार वेगळी जागा घेत नाही. तो चित्रावर तरंगतो आणि हात थांबला की विरून जातो. पण बाहेरचा माउस जोडला की, सेटिंग ‘आपोआप’ असेल तर, तो कायमचा दिसू लागतो आणि जागाही घेतो. म्हणजे एकाच मशिनवर, प्रोग्रॅम चालू असतानाच माप बदलतं. म्हणून आकडा कोडमध्ये लिहायचाच नाही, सिस्टिमला विचारायचा. विंडोजमध्ये त्यासाठी ‘गेट सिस्टिम मेट्रिक्स’ आहे. मॅक तर शैली बदलल्याची सूचनाच पाठवतो. वेब पानावर ‘स्क्रोलबार-गटर’ला ‘स्टेबल’ दिलं की जागा आधीच राखली जाते.

जागेचा प्रश्न तसा सोपा. खरी अडचण पुढं आहे. खाली अजून काही शिल्लक आहे, हेही स्क्रोलबार सांगत असतो. तो लपला आणि खिडकी नेमकी मोराच्या पायाशी संपली, तर गिऱ्हाइकाला वाटणार नक्षी इथंच संपली. खालची वेल न बघताच मागणी पक्की! एकेका पैठणीला महिने जाऊ शकतात. चूक मागावर कळून काय उपयोग? म्हणून आमचं मत असं, की कोपऱ्यात ‘२४० पैकी ४१ ते ८०’ असं ओळींचं माप सतत दिसू द्यावं. स्क्रोलबार स्वतः रंगवून कायम दाखवण्याचा मोह मात्र आवरावा. विंडोजवर सरकपट्टी ओढताना माउस फार बाजूला गेला तर ती मूळ जागी परतते, मॅकवर परतत नाही. रिकाम्या भागावर क्लिक केलं तर पानभर सरकायचं की थेट तिथं जायचं, हे मॅकवर वापरणारा ठरवतो. या सवयी हुबेहूब कोण उतरवणार?

दिशेचंही तसंच. लायनपासून बोट वर नेलं की चित्र वर जातं, समोरचं कापड हातानं सरकवावं तसं. ही उलटापालट सिस्टिम आधीच करून देते. प्रोग्रॅमनं पुन्हा केली तर सगळं फिरून उलटं होतं.

तपासताना मॅकला माउस जोडा, नक्षी उघडी ठेवूनच तो काढा, आणि शेवटची उभी ओळ मोजा. ८० भरल्या पाहिजेत, दोन्ही वेळा.